चमच्यातला च

निप्पट्टू खाताना माझा पुढचा दात तुटला. निप्पट्टू म्हणजे आमच्या बेंगळूरची तांदळाच्या पिठाची कडक, तिखट पुरी. ती कुडुमकुडुम वाजली पाहिजे. त्या दिवशी दात वाजला. तसे माझे दात आधीही काही बघण्यासारखे नव्हते. पिवळे, मधे फट, आणि आता हा टवका. ऑफिसात हसायची वेळ आली की मी आधी तोंडावर हात न्यायचे आणि मगच हसायचे.

बनशंकरीतल्या दाताच्या डॉक्टर मुलीने सगळं समजावून सांगितलं. दात नुसते उजळता येतील, टवक्याच्या जागी दातांच्या रंगाचं भरण घालता येईल, टोपी बसवता येईल, नाहीतर पुढच्या सगळ्या दातांवर व्हेनियर, म्हणजे नखाएवढ्या पातळ चकत्या, चिकटवता येतील. मग तिने रंगांची पट्टी माझ्या ओठांशी धरली. पांढरे इतके प्रकारचे असतात हे मला ठाऊकच नव्हतं. मी चकत्या घेतल्या. हौस, दुसरं काय! बसवून झाल्यावर उच्चार तपासायला तिने मला इंग्रजीत ‘फिफ्टी फाइव्ह’ म्हणायला लावलं, मग कन्नडमध्ये ‘ऐवत्तैदु’. दोन्ही ठणठणीत आले. “सूपर, अक्का,” ती म्हणाली. बाहेर पडून मी रिक्षावाल्याकडे बघून हसले. तो चक्क मीटरने यायला तयार झाला.

घरी आई आणि मी, दोघीच. आमचं घराणं पिढ्यानपिढ्या इथलं. मराठी उंबऱ्याच्या आत, बाहेर सगळं कन्नड. आईचे डोळे गेलेत, कान मात्र तिखट आहेत, आणि आठवण मधूनमधून रजेवर असते. “आई, चमचा कुठाय?” मी विचारलं, तर तोंडातून शिट्टी निघाली आणि चमच्याचा समसा झाला. पाचाचा पास झाला. शी! शिट्टी टाळायला मी चमच्यातला च चहातल्या चसारखा म्हणू लागले. कन्नड माणसं मराठी बोलताना म्हणतात ना, अगदी तसा.

आईने दोन वाक्यं ऐकून घेतली आणि कन्नड सुरू केलं. तिला वाटलं, मी तिच्यासाठी बाई ठेवलीय. “ऊट आयता अम्मा?” तिने विचारलं, म्हणजे जेवलात का बाई. मला जन्मात तिने इतक्या गोडीने जेवायचं विचारलेलं नाही. “अगं, मी तुझी मुलगी!” मी ओरडले. तिने समजूतदारपणे मान डोलावली. मराठी छान शिकलात, म्हणाली. तेही कन्नडमध्ये.

पुढचे काही दिवस असेच गेले. ऑफिसात सगळे म्हणायचे, किती तरुण दिसता! घरी मी पगारी बाई. संध्याकाळी आई दाराकडे कान लावून बसायची. “माझी मुलगी अजून आली नाही हो,” असं मलाच कन्नडमध्ये सांगायची. मी शेजारी बसलेली. जितकं समजवावं तितकं ते मराठी तिला जास्तच परकं वाटायचं.

शेवटी पुन्हा डॉक्टरकडे गेले.

“मराठीत दोन च असतात?” तिने विचारलं.

“असतात.”

तिने माझ्याकडून बरंच काही म्हणवून घेतलं आणि मान हलवली. “चकत्यांची कड घासावी लागेल, अक्का. मग हसू स्वल्प वाकडं दिसेल. इतकं सुंदर झालंय! कितीजणांशी बोलता तुम्ही मराठी?”

“एकीशी.”

“एकीसाठी घासू?”

“घास गं बाई, मुकाट्याने.”

घरी आले तेव्हा आई दाराकडे तोंड करून बसली होती. “आई, चल, जरा सरकून बस बरं,” मी म्हटलं. “माझा हात धर.”

“कुठं उलथली होतीस इतके दिवस?” आई कडाडली. “आंधळ्या आईला परक्या बाईच्या गळ्यात टाकून चालती झालीस! लाज नाही वाटत?”

सगळं मराठीत. मला इतकं बरं वाटलं की मी मटकन खाली बसले आणि भोकाड पसरलं.

आई जराशी विरघळली. “ती बाई गेली का?”

“काढून टाकलं तिला.”

“तूच काढलं असशील. तुझं कुणाशी पटलंय?” तिने माझा हात चाचपून घट्ट धरला. “बरी होती पण बिचारी. हसून बोलायची. तुला हसायला काय होतं गं?”