केसाने मोजणारा

बों अक्योय गावाहून रोज माझ्याबरोबर बसने कारखान्यात येणारा हा मेकॅनिक सगळं केसांत मोजायचा. "भाऊ, बस आज दोन केस उशिरा!" कारखान्यात आम्ही मनगटी घड्याळांत बसणाऱ्या इवल्या माणकांना भोकं पाडायचो. एक यंत्र भोक हमखास बाजूला पाडायचं. मालकांनी बजावलं, आज बारा माणकं बिनचूक निघाली नाहीत तर यंत्र विकणार आणि त्यावर काम करणाऱ्या चौघी घरी!

या पठ्ठ्याने मोडक्या जपानी गजराच्या घड्याळातली, गजर वाजवणारी पातळ चकती काढून माणकाखाली बसवली. वीज दिली की ती चकती वाकायची. बटण फिरवून वीज कमीजास्त केली की माणिक केसाच्या विसाव्या भागाइतकं सरकायचं. हाताला जमेल का हो हे?

पहिलं भोक नेमकं मधोमध! मालक टाळ्या वाजवत धावले. हा मालकांवर गरजला, "पात्रों, पा बूझे! हलू नका, जमीन हादरते!"

मालक एक पाय वर धरून थिजले. चौघी तोंडावर हात दाबून हसत होत्या. याने वळूनही पाहिलं नाही.

बारावं बिनचूक माणिक उतरवून तो म्हणाला, "आता पाय टेका, पात्रों. आणि या चौघींना सांगा, उद्या कामावर या."