शैलावहिनींची मास्टर बेडरूम

किस्से गोळा करायला मी कुठे जात नाही हो! दिल्लीत मराठी माणसाच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचं, बस्स. बघता बघता माळा भरतो!

आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत समोरच्या दारी माझा जुना मित्र वसंता आला. जन्म गेला सरकारी क्वार्टरमध्ये आणि निवृत्तीच्या तोंडावर पहिल्यांदा स्वतःचं घर! टेम्पो रिकामा व्हायच्या आत त्याच्या बायकोने, शैलावहिनींनी, मला गाठलं.

"भाऊजी, तुम्ही साक्षीदार. लग्न झाल्यापासून गावाकडचा प्रत्येक पाहुणा माझ्या खोलीत झोपला आणि मी हॉलमध्ये! आता मास्टर बेडरूम मनासारखी करून घेणार आणि तिथे मीच झोपणार!"

"बिल्कुल, बिल्कुल," वसंता म्हणाला. दोनदा म्हणाला, तिथेच मला शंका यायला हवी होती.

*

वहिनींना फिका निळा रंग हवा होता. त्या बहिणीकडे गेल्या आणि रंगाचं काम वसंताकडे आलं. परतल्यावर त्यांची किंकाळी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आली. मी चपला न घालता धावलो.

चारही भिंती मळकट पिवळ्या!

"अहो, हा तर आपल्या क्वार्टरचा रंग!"

वसंता खुशीत. "ओळखलास ना! दुकानदार म्हणत होता, हा शेड कुठेच मिळत नाही. समोर बसून बनवून घेतला!"

*

खोली पुन्हा निळी झाली. मग आरशासाठी सुताराने ड्रिल लावलं मात्र, वसंता दोन्ही हात पसरून भिंतीला चिकटला!

"रुको यार! दीवार में छेद? ऑफिस से पूछा?"

सुतार गोंधळला. "साहब, दीवार है किसकी?"

वसंताने भिंतीकडे पाहिलं. सुताराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"मेरी है," असं पुटपुटला आणि मटकन खाली बसला. पाणी पाजावं लागलं हो!

*

दिल्लीत पलंग झोपायला नसतो, रजया ठेवायला असतो. "मॅडम, पूरे मोहल्ले की रजाइयाँ आ जाएँगी," असं म्हणत सुताराने पेटीचा पलंग ठोकून दिला. जागा पुरेल का बघायला वसंता आत उतरला आणि वरून फळी पडली. आम्ही बाहेर चहा पीत होतो, कुणाला पत्ताच नाही!

गच्ची पाहिली, गेटवर गार्डला विचारलं. वहिनी रडकुंडीला आल्या. तेवढ्यात पलंग घोरायला लागला!

फळी उचलली. वसंताने एक डोळा उघडून विचारलं, "पाहुणे गेले का?"

*

शेवटी खोली झाली. वहिनी नव्या गादीवर चादर घालत होत्या आणि मी पडद्याला कड्या अडकवत होतो. बेल वाजली. दारात वसंताचा सांगलीचा आतेभाऊ अनंता, बायको, दोन मुलं!

"म्हटलं, सरप्राइज द्यावं!"

आणि माझ्या डोळ्यांदेखत वसंताने त्यांच्या बॅगा उचलून सरळ मास्टर बेडरूममध्ये नेऊन ठेवल्या. "हातपाय धुवा, आराम करा!" सवय हो, दुसरं काय! माझ्या हातून कडी पडली.

मला वाटलं, आता भांडी उडणार. छे! वहिनींनी पोहे केले, मुलांना एसीचा रिमोट समजावला आणि रात्री हॉलमध्ये सतरंजी टाकली.

सकाळी पिशवीत चार साड्या भरल्या. "जरा जाऊन येते," म्हणाल्या आणि ऑटोत बसल्या. वसंताला वाटलं, गेली असेल बहिणीकडे.

पाहुण्यांनी कुतुबमिनार केला, आग्रा केलं. आग्र्याहून आले त्या संध्याकाळी मी पेठा खायला तिथेच होतो. सगळे नव्या गादीवर लोळत होते. फोन वाजला. अनंताने उचलला. सांगलीहून त्याची आई. माउलीचा आवाज असा की, फोनची गरजच नव्हती!

"अरे अन्या, दिल्लीची शैला आलीय इथं! थेट तुमच्या खोलीत शिरली, आतनं कडी लावून झोपलीय! किती दिवस राहणार विचारलं, तर म्हणती, 'त्यांना सावकाश बघू दे दिल्ली. मला काही घाई नाही.'"