बिऱ्हाडाचं डावं चाक

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. कॅरॅव्हॅनच्या पलंगाखालचा कप्पा भरतो तसे ते भरत जातात. जो येतो तो झाकण उचलतो, काहीतरी आत ढकलतो, 'असू दे इथे' म्हणतो आणि जातो. मग एक दिवस झाकण बसेनासं होतं. माझं तसं झालंय. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे लोक माझ्यासमोर निर्धास्त बोलतात, आणि माझा कप्पा इतरांपेक्षा लवकर भरला.

लग्न करून मी जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आले तेव्हा अमेयने, म्हणजे नवऱ्याने, पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी सांगितल्या. एक, रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला जायचं नाही, शेजाऱ्यांना आवाज होतो. दोन, आपल्याकडे एक कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं दोन चाकांचं घर आहे आणि फिंग्स्टनच्या, म्हणजे इथल्या मे-जूनमधल्या सणाच्या, जोडून सुट्टीत आपण ती घेऊन समुद्रावर जायचं. "दोघंच," असं म्हणाला. आमच्या लग्नात जेवायला किती पंगती उठल्या ते आठवून मला तो शब्द फारच आवडला.

'आपल्याकडे' या शब्दाची चौकशी मात्र मी केली नाही. कॅरॅव्हॅन तीन घरांची निघाली. एक घर महेशदादा आणि वृषालीवहिनींचं. दादा इथल्या मराठी मंडळींत सगळ्यात जुने, गाड्यांच्या कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटमधले, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीत दोष काढण्याचा त्यांना पगार मिळतो. दुसरं घर नचिकेतचं. तो एकटाच, टायरच्या कॉम्प्युटर मॉडेलवर डॉक्टरेट करतोय. तिसरं आमचं. अमेय त्याच कंपनीत ब्रेकमधला. जुनी घेतलेली ती कॅरॅव्हॅन गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या आवारात उभी असते. तिचं नाव दादांनी ठेवलंय: बिऱ्हाड.

म्हणजे एक क्वालिटीवाला, एक टायरवाला आणि एक ब्रेकवाला. अशा गाडीचं काय वाईट होणार!

*

सीझनच्या सुरुवातीला बिऱ्हाडाची पूजा असते. हळदकुंकू, नारळ आणि दोन चाकांखाली दोन लिंबं. शेजारी ज्यांची कॅरॅव्हॅन उभी असते ते क्रूगर आजोबा हात मागे बांधून सगळं बघत होते.

"लिंबू कशासाठी?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं.

आता हे समजावायचं तर कुठून सुरुवात करायची? अमेय म्हणाला, "प्रेशर टेस्ट."

"आ, जा. गेनाऊ!" म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणून आजोबांनी मान डोलावली. पुढच्या शनिवारी गेलो तर त्यांच्याही चाकापाशी एक लिंबू!

तर पूजेच्या दिवशी गाडी पुढे घेतली आणि उजवं लिंबू नीट चिरडलं. डावं निसटून गाडीखाली आत गेलं. ते काढायला कोणी जायचं? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नवीन सून आणि त्यातून अंगाने बारीक. साडी सावरून मी आडवी झाले. लिंबू मिळालं. आणि हात टेकला तिथे डाव्या टायरची आतली कड दिसली. बाहेरून टायर नव्यासारखं, नक्षी ठसठशीत. आतून मात्र शेवटच्या काही बोटांची रुंदी अगदी गुळगुळीत. आतापर्यंत सगळे ते उभं राहूनच बघत होते.

मी बाहेर येऊन अमेयच्या कानात सांगितलं. अमेय खाली वाकला, उठला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "दादा, माझ्या एक गोष्ट लक्षात आलीय."

लिंबाचा वास माझ्याच हाताला येत होता.

*

दादांनी त्याच संध्याकाळी मीटिंग बोलावली. त्यांच्या घरी कोणतीही मीटिंग केलर बघितल्याशिवाय सुरू होत नाही. केलर म्हणजे इथल्या प्रत्येक फ्लॅटला मिळणारी तळघरातली खोली. इथे प्रत्येक गाडीला चाकांचे दोन जोड लागतात, उन्हाळ्याचा एक आणि हिवाळ्याचा एक. जो जोड गाडीला नसेल तो केलरमध्ये. त्यामुळे आमच्या केलरमध्ये दार उघडलं की चाकं आणि चाकांमागे अंधार. दादांच्या केलरमध्ये लोणच्याच्या बरण्या, एक सायकल आणि भरपूर मोकळी हवा.

"बघून घे," दादा मला म्हणाले. "शिस्त! निम्मा जर्मनी आमच्या केलरमध्ये चहा प्यायला येईल."

वहिनी मागून म्हणाल्या, "शिस्त कसली? माझ्या माहेरची सोलापुरी चादर दोन वर्षांपासून सापडत नाहीये."

"ड्रायरने खाल्ली असेल," दादा म्हणाले.

मग वर येऊन, दादांच्या फळ्यासमोर, रूट कॉज अॅनालिसिस. कंपनीत पाच वेळा 'का?' विचारायची पद्धत आहे. पाचव्या उत्तरात मूळ कारण सापडतं म्हणे.

"डावं टायर आतून का झिजलं?" दादांनी विचारलं.

"चाक वरून आत कललं असणार," नचिकेत म्हणाला. "सगळा भार आतल्या कडेवर."

"का कललं?"

"अॅक्सल वाकला असेल, नाहीतर त्या बाजूला वजन जास्त."

"वजन का जास्त?"

"सामान वाढलं असेल."

"का वाढलं?"

खोलीतले सगळे हळूहळू माझ्याकडे वळले.

"कारण अमेयचं लग्न झालं," दादा म्हणाले, आणि त्यांनी फळ्यावर ते लिहूनसुद्धा टाकलं.

चौथ्या उत्तराला माझं लग्न आलं होतं. पाचवा 'का?' विचारायचं धाडस कोणी केलं नाही.

माझं सामान म्हणजे एक कुकर, एक मिक्सर आणि पोळपाट-लाटणं. तेही मागच्याच आठवड्यात ठेवलेलं. मी म्हटलं, "पण ते उजव्या बाजूला आहे. ओट्याखाली."

"तेच तर!" दादा म्हणाले. "बॅलन्स गेला!"

*

दुसऱ्या दिवशी माझा कुकर बिऱ्हाडातून उतरला. मुक्काम पोस्ट आमचा केलर, चाकांच्या मागे.

इकडे नचिकेतने टायर तपासायला घेतलं. इथे एक युरोचं नाणं नक्षीच्या खाचेत उभं धरतात. नाण्याची सोनेरी कड दिसेनाशी झाली तर टायर ठीक. नचिकेतच्या खिशात युरो नव्हता. दहा रुपयांचं नाणं होतं. त्यालाही सोनेरी कड असते! त्याने ते बाहेरच्या बाजूच्या खाचेत धरलं आणि ओरडला, "पास!"

"आतल्या बाजूला धर," अमेय म्हणाला.

आतल्या बाजूला खाचच नव्हती. नाणं टायरवरून घसरलं आणि चिखलात पडलं.

मग त्याने टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा वाचला. टायर कोणत्या साली बनलं ते त्यावर असतं. कॅरॅव्हॅन वर्षातले बरेच महिने उभीच, त्यामुळे तिचं टायर झिजण्याआधी म्हातारं होतं, रबराला बारीक चिरा पडतात. दोन्ही टायर बनली तेव्हा मी दहावीत होते.

"म्हणजे वधूपेक्षा टायर लहान आहे," दादा म्हणाले. "जमेल."

तरी दोन्ही बदलायची ठरली. पण दादांनी अट घातली, "टायर नवं घाला, पण रूट कॉज सापडेपर्यंत ते पण तसंच झिजणार. फिंग्स्टनला तुम्ही गेलात तर आम्ही सगळे मागून येऊ. दोन गाड्या. डाव्या चाकावर ऑब्झर्वेशन ठेवायला."

"चालेल ना गं?" अमेयने मला विचारलं. दादांसमोर.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या रात्री समुद्राचे फोटो बघताना मला प्रत्येक फोटोत मागे दोन गाड्या दिसायला लागल्या.

*

सासूबाईंचा चिंचवडहून फोन आला. त्यांनी सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवलंय की मुलगा जर्मनीत गाड्या बनवतो.

"काय गं, फिरायला कधी जाताय?"

"टायरचं बघतायत, आई. एका बाजूनेच झिजलंय."

"कोण बघतंय?"

"अमेय, महेशदादा आणि नचिकेत."

"तिघंही गाड्याच बनवतात ना?"

"हो, आई."

"अगं, मग एखाद्या टायरवाल्याला दाखवा की!"

*

टायरच्या दुकानात आम्ही पाच जणं गेलो. दादांचं मत, कितीही वजन पेलणारं घ्या, टेम्पोला घालतात तसलं जाड. अमेयचं मत, ओल्या रस्त्यावर पकड महत्त्वाची. नचिकेतचं मत, सगळ्यात कमी आवाज करणारं टायर घ्यावं. त्याने मॉडेल चालवून बघितलं होतं.

काउंटरवरच्या बाई नम्रपणे वाट बघत होत्या. मराठीत वाद चालू. आवाज म्हणजे थकवा, थकवा म्हणजे अपघात, असं नचिकेत पटवून देत होता.

वहिनींनी विचारलं, "अरे, पण चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये बसायला परवानगी नाही ना?"

"नाही," नचिकेत म्हणाला.

"मग आवाज ऐकणार कोण? माझा फ्रिज?"

जाड टायर घेतली. घालताना फिटरने अॅक्सलही मोजून दिला. सरळ निघाला. दादांचा चेहरा उतरला. अॅक्सल सरळ, माझा कुकर केलरमध्ये, आणि बिऱ्हाड अजूनही डावीकडे बसल्यासारखं दिसत होतं.

"वजन करून बघायचं का?" मी म्हटलं. "एकेका बाजूचं?"

कोणी ऐकलं नाही. मिनिटभराने दादा म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं बघा, माझ्या डोक्यात एक आलंय. वजन केलं तर?"

"ग्रेट, दादा!" नचिकेत म्हणाला.

*

वजनकाटा आमच्याकडे वर्टश्टॉफहोफमध्ये आहे. म्हणजे गावाचा भंगारमाल जिथे वेगवेगळ्या कंटेनरमध्ये टाकतात ते आवार. लाकडाचा एक कंटेनर, लोखंडाचा एक, विजेच्या वस्तूंचा एक. फिंग्स्टनच्या आदल्या शनिवारी बिऱ्हाड काट्यावर चढलं. आधी उजवं चाक, मग डावं. डाव्या चाकावरचा आकडा बघून काट्यावरच्या माणसाने वजन पुन्हा करून बघितलं.

"डावीकडे काय आहे?" अमेय म्हणाला.

डावीकडे पलंग. पलंगाखाली कप्पा. सगळ्यांनी तो झाकण उचलून वर्षानुवर्षं भरलेला, पण तळापर्यंत कोणी उपसलेला नव्हता.

माझ्यावर संशय होता म्हणून उपसायचं कामही माझ्याकडे आलं. पहिल्यांदा निघाले डंबेल्स. जड, धूळ खाल्लेले.

"हे कुणाचे?" मी विचारलं.

सगळे कंटेनरकडे, आकाशाकडे, काट्याकडे बघायला लागले.

मग एक खोका निघाला. त्यात गंजलेल्या ब्रेक डिस्क.

"या कुणाच्या?"

अमेयने बुटाची नाडी बांधायला घेतली.

मग पाटा. वरवंट्यासकट!

"हा?"

मी बिऱ्हाडातून उतरले, हात झटकले. "कोणाचंच नसेल तर बरंच आहे. आपण योग्य ठिकाणी आलोय. लोखंड तिकडे, दगड त्या कोपऱ्यात." आणि डंबेल्स उचलून चालायला लागले.

"अगं, थांब! माझे आहेत ते!" नचिकेत धावला. "जानेवारीपासून सुरू करणारच होतो."

"डिस्क राहू दे," अमेय म्हणाला. "माझ्या थिसिसच्या आहेत. आठवण."

"अय्या, माझा पाटा!" वहिनी म्हणाल्या. "मी कधी ठेवला इथे?"

कप्प्याचा तळ आला. तळाला चादर अंथरलेली. मी ती एका टोकाला धरून ओढली. निळी-लाल, नक्षीची, सोलापुरी.

वहिनींनी ती हातात घेतली आणि काठ बघितला.

चादरीखाली चार चाकं होती. रिमसकट, हिवाळ्याची, दोनावर दोन अशी रचलेली. प्रत्येकावर खडूने, सुरेख अक्षरात: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. हेच अक्षर मी फळ्यावर बघितलं होतं. 'अमेयचं लग्न' त्याच वळणात लिहिलेलं होतं.

"ही कुणाची?" मी विचारलं.

दादांनी घसा साफ केला. "आल्झो... प्रश्न असा आहे, की टेस्ट ड्राइव्हला मागे आमची गाडी असलेली बरी. ऑब्झर्वेशन..."

वहिनींनी चादर झटकली. व्यवस्थित चौघडी केली आणि माझ्या हातात ठेवली.

"घेऊन जा गं समुद्रावर. वाळूत अंथरायला होईल," त्या म्हणाल्या. मग दादांकडे न बघता, "आम्हाला यायला नाही जमणार. आमच्या केलरमध्ये चार पाहुणे यायचेत."