आई सून झाली ती दुपार

आमच्या घराण्यात कॉलेजाचं तोंड पाहिलेली पहिली मी. पुरुषांतही माझ्याआधी कुणी नाही. हे मी सांगते, लपवत नाही, कारण ती पदवी मला कुणी ओंजळीत घातलेली नाही. पुढं उमरग्याकडं एका दवाखान्यात समाजसेविकेची नोकरी लागली तीही त्याच पदवीवर. तिथं मी आजाऱ्याच्या घरच्या माणसांना समोरासमोर बसवून सोंगं करायला लावायची. नवऱ्यानं बायको व्हायचं, लेकीनं बाप व्हायचं. खूप वर्षांनी शहरातून आलेल्या एका डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला नाट्योपचार म्हणतात, तुम्ही कुठं शिकलात? मी म्हटलं, आमच्या परसात. त्यांना ती थट्टा वाटली.

थट्टा नव्हती.

जळकोटापासून कोसभर आत आमचं गाव. निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी सोलापूरला शेवटची परीक्षा देऊन घरी आले, त्याच सुमारास माझी वहिनी दवाखान्यातून परत आली. तिला क्षय झाला होता. गेली तेव्हा तिचं पोरगं अंगावर पीत होतं. आली तेव्हा ते अंगणभर पळत होतं आणि माझ्या आईला आई म्हणत होतं. वहिनीला बघून ते आईच्या लुगड्यात शिरलं. तशी वहिनी हसली आणि लांबच बसली.

डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, थुंकीत आता जंतू नाहीत, औषध तेवढं चालू ठेवा. पण आमच्या घरात तिचं ताट-तांब्या कोनाड्यात वेगळा झाला. ती सोप्यात निजायची, पोरगं आईजवळ माजघरात. आई कधी वाकडं बोलली नाही. वहिनीनं पाण्याचं फुलपात्र आणलं की म्हणायची, "ठेव तिथं." मग ते पाणी तिथंच राहायचं. वहिनीनं पोराला हाक मारली की आईला नेमकं काही काम आठवायचं आणि पोराला कडेवर घेऊन ती गोठ्याकडं निघायची.

मी आईशी भांडले. जंतू म्हणजे काय, तो कसा मरतो, सगळं समजावलं. आई शेंगा फोडत शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुजं खरं असंल. शिकलीस तू." दादाला विचारलं तर तो म्हणायचा, तुमच्या बायकांचं तुम्ही बघा. वहिनीच्या माहेरचेही भ्यालेले. पंचमी आली, गावातल्या सगळ्या सुनांना न्यायला मुराळी आले, तिला कुणी आलं नाही.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बायका आमच्या परसात जमायच्या. लिंबाला झोका असायचा, फुगड्या व्हायच्या, आणि शेवटाला सोंगं. पुरुषाला तिथं फिरकायची बंदी. सोंगं काढणारी मुख्य म्हणजे शेजारची जिजी. ती नवऱ्याचं धोतर नेसून, पटका बांधून असा काही तलाठी करायची की बायका पोट धरून लोळायच्या. त्या साली तिनं गळ्यात बैलाचं दावं अडकवलं, त्याचं एक टोक कानाला लावलं आणि म्हणाली, "मी डागतर. आता बेमार सून कोण व्हतंय?"

हसू तिथंच थांबलं. आजाऱ्याचं सोंग घेतलं तर आजार अंगाला चिकटतो असं बायका मानायच्या. शिवाय जिजीला कुणाची सून म्हणायची आहे ते सगळ्यांना कळलं होतं. एकजण म्हणाली, दुसरं काढा काहीतरी. कोपऱ्यातून कुजबुज झाली. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, तिनं मान खाली घातली.

माझ्या आईला घरातल्या गोष्टीची कुजबुज झालेली खपायची नाही. ती उठली. "एवढं काय त्यात," म्हणाली, "मी व्हते." आणि पदर डोक्यावरून ओढून मधोमध जाऊन उभी राहिली.

जिजीही पक्की. ती म्हणाली, मग सासू आमी निवडणार. तिनं वहिनीला हाताला धरून उठवलं, आईची घोंगडी तिच्या अंगावर टाकली आणि पाटावर बसवलं. वहिनी नको नको म्हणत होती. बायकांनी ऐकलं नाही.

जिजीनं आईच्या पाठीला दाव्याचं टोक लावून हुकूम सोडला, "खोक, बाई."

आणि आई खोकली.

ते खोकणं मी आजवर विसरलेले नाही. सोंगाचं खोकणं खोटं असतं, खूप मोठं असतं. हे तसं नव्हतं. आईनं आधी तोंड भिंतीकडं फिरवलं. पदराची चौपदरी घडी करून तोंडाला लावली. दोनदा दबकं खोकली, तिसरी उबळ गिळली. मग घडी उलगडून आत काही दिसतंय का ते झटकन पाहिलं आणि कुणी बघायच्या आत पदर मुठीत चुरगाळला. ती माझी वहिनी होती, आजार नवा होता तेव्हाची. त्या दिवसांत मी सुट्टीला घरी होते, एका सोप्यात तिच्याशेजारी निजले होते, पण ती पदर उघडून बघते हे मला ठाऊक नव्हतं. दादाला नव्हतं. आईला होतं. मी वहिनीकडं पाहिलं. एवढं बारकाईनं आपल्याकडं कुणी पाहत होतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

बायकांतली एकही हसली नाही. जिजीनं कानाला लावलेलं दावं काढून हातात धरलं.

आई फुलपात्रात पाणी घेऊन पाटापाशी गेली, वाकली आणि म्हणाली, "आत्याबाई, पाणी."

वहिनीनं हात पुढं केला नाही. मग म्हणाली, "ठेव तिथं."

शब्द आईचा आणि सूरही आईचा, मऊ. एका पोरीला फिसकन हसू आलं, तिला कुणीतरी चिमटा काढला. आईनं पाणी ठेवलं नाही. हातात धरून तशीच उभी राहिली. आता ती हे सोडून देईल, जेवायला वाढते म्हणून घरात निघून जाईल, असं मला वाटलं. ती गेली नाही. सुनेच्याच आवाजात म्हणाली, "आत्याबाई, मी बरी होऊन आले. डागतर म्हणतेत."

वहिनीनं घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढली. जेमतेम बाविशीची पोर, पण तिथं बसलेली बाई म्हातारी दिसत होती. ती म्हणाली, "म्हाईत हाय मला. पर माझ्या जावंनं माझी तान्ही लेक कडंवर खेळवली व्हती. जाऊ खोकून खोकून गेली, तिच्या मागं ती लेक गेली. माझ्या मांडीवर गेली. आता ह्ये लेकरू म्या कसं देऊ?"

माझ्या पाठची एक बहीण लहानपणीच गेली एवढंच मला माहीत होतं. कशानं गेली ते आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं. वहिनीला कुणी सांगितलं, की तिनं तिचं तिनंच जुळवलं, मी कधी विचारलं नाही. पण आई ज्याच्यामुळं इतके महिने गप्प होती ते तिच्या तोंडासमोर, तिच्याच तोंडचं म्हणून, सून बोलत होती.

आई खाली बसली, मातीत. पाणी थोडं सांडलं. मग आईनं जे विचारलं ते वहिनीनं आल्यापासून एकदाही विचारायचं धाडस केलं नव्हतं.

"मग माजं लेकरू मला कवा देणार, आत्याबाई?"

आता उत्तर सासूनं द्यायचं होतं, म्हणजे वहिनीनं. आत्ता घे म्हणाली असती तरी सगळ्या बायकांनी मान डोलावली असती. मी तर मनात म्हणतच होते, म्हण, म्हण. वहिनीनं डोळे मिटले. ती खरोखर विचार करत होती, पोराची आजी करील तसा.

"औषिद संपू दे," ती म्हणाली. "तवर रातीला माझ्यापाशी. दुपारचं तुझ्यापाशी."

आई म्हणाली, "व्हय, आत्याबाई." आणि वाकून तिच्या पाया पडली. सासू सुनेच्या पाया पडताना मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

आमच्याकडं सोंगात बोललेलं नंतर कुणी उकरत नाही, आणि सोंगात दिलेला शब्द कुणी मागं घेत नाही. जिजीनं पटका सोडला, बायका मुकाट्यानं आपापल्या घरी गेल्या. आईनं रोजच्यासारखी चूल पेटवली. मी बोलायला गेले तर म्हणाली, "भाकरी थाप." ताट-तांब्याही कोनाड्यातच राहिला, पुढं कितीतरी महिने. माझे जंतूंबद्दलचे शब्द खरेच होते, आजही मी ते मागं घेत नाही. पण त्या दोघी एकमेकींच्या आत जाऊन बाहेर आल्या होत्या, आणि हे माणसाला करता येतं, डोक्यावर नुसता पदर ओढून करता येतं, याचं मला वाटलेलं नवल अजून ओसरलेलं नाही. दवाखान्यात पुढं अशी सोंगं किती झाली. काही फसली. पण दर वेळी कुणीतरी पहिल्यांदा दुसऱ्याच्या चालीनं पाऊल टाकलं, की मी श्वास रोखून बसायची.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आईनं पोराला उचललं, सोप्यात नेलं आणि वहिनीच्या पुढ्यात ठेवलं. पोरगं लगेच रडायला लागलं, हात वर करून आईकडं झेपावलं. आई बाहेर आली, दार लोटून घेतलं आणि उंबऱ्याबाहेर पाठ करून बसली. मी पुढं झाले तर तिनं हातानंच अडवलं. आतून रडण्याचा आवाज वाढत गेला. आईनं दोन्ही हात मांडीखाली घालून दाबून धरले. मग आवाज तुटक झाला, हुंदके उरले, आणि वहिनी काहीतरी बारीक गुणगुणत असल्याचं ऐकू यायला लागलं. मग तेही थांबलं.

"निजलं वाटतं," मी म्हटलं.

आईनं मान डोलावली, पण मागं वळून बघितलं नाही.