शाफ्टला कुंकू

आमच्या गुजरातेतल्या अकोट्याच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे काका रविवारी हमखास आपल्या जुन्या पिकअपखाली सापडतात. दिसतात फक्त पाय. त्या पायांना मी विचारतो, "केम छो, काका?"

"मजामां! ते फडकं दे जरा."

इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब दांडा म्हणजे शाफ्ट. त्याच्या सांध्यातलं जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत काका ग्रीसगन दाबत राहतात आणि त्याला गुजरातीत चुचकारतात, "खा, बेटा, खा." काकूंशी मराठीत बोलतात, पण इतक्या लाडानं नाही.

यंदा सोसायटीच्या सेक्रेटरीभाईंनी बजावलं होतं, शाफ्टची कुईकुई थांबली नाही तर गाडी बाहेर.

खंडेनवमीला काकांनी पाटावर पूर्वजांच्या तलवारीशेजारी ग्रीसगन मांडली. बाकीचे बॉनेटला हार घालत होते. हे कुंकवाची वाटी घेऊन गाडीखाली शिरले. "बॉनेट कसलं पुजता? राबतो हा इथे!" एवढ्यात वाटी कलंडली. बाहेर आले ते मिशा लालभडक. काकू हसून हसून ओट्यावर बसल्या.

त्याच अवतारात काकांनी आम्हाला मागे चढवलं, सेक्रेटरीभाईंना शेजारी बसवलं आणि सोसायटीला फेरी मारली.

"काही ऐकू येतं?"

"कांई नहीं," सेक्रेटरीभाई पुटपुटले.

काकांनी सगळ्या गॅलऱ्यांसमोर गाडी थांबवली. "मग जरा मोठ्यानं सांगा की!"