गोल टेबलाचं माप

तिला सगळे मास्टर म्हणायचे. बाईमाणसाला मास्टर कसं म्हणावं, असा प्रश्न ज्याला पडायचा, त्याला तिने शिवलेला कोट एकदा अंगात घातला की उत्तर मिळायचं. मापाच्या बाबतीत तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, आणि हे तिलाही चांगलंच ठाऊक होतं. बाई नाकावर माशी बसू देत नसे.

शिवणयंत्र खिडकीपाशी होतं, पण कापड बेतायला घरात जागा एकच, ती म्हणजे जेवणाचं टेबल. दिवसभर त्याच्यावर कापड, खडू आणि टाचण्या यांचं राज्य. जेवणाच्या वेळी एक कोपरा कसाबसा मोकळा व्हायचा आणि तिथे ज्याला जेव्हा जमेल तसं त्याने उरकून घ्यायचं. नवरा आयुष्यभर बस चालवून आता घरी बसलेला. तो ताट घेऊन रेडिओजवळच्या खुर्चीत जायचा. जेवण वेळेवर मिळालं की टेबल असलं काय नि नसलं काय, त्याला सारखंच.

एके सकाळी त्या टेबलाने मान टाकली. मास्टर जाड लोकरीचं कापड कापत होती, तोच एक पाय कडकन मोडला. डागडुजी बऱ्याचदा करून झाली होती. आता नवंच घ्यायचं, यावर घरात एकमत झालं. पण एकमत तेवढ्यावरच संपलं.

मुलगा-सुनेबरोबर दुकानात गेल्यावर मास्टर थेट एका लांबट सागवानी टेबलाशी जाऊन उभी राहिली. चारी कोपऱ्यांना चार पाय, कडा सरळ, सहा माणसं आरामात बसतील असं. तिने कडेवरून तळहात फिरवून कुठे लाकडाचं कुसळ तर नाही ना ते पाहिलं, कारण कुसळ असलं की रेशमी कापडाचा धागा ओढला जातो. मग पॉलिशवरून खडू पुसला जाईल का, असं विचारलं. घरात लहान मुलं आहेत का, अशी दुकानदाराने चौकशी केली. मुलगा म्हणाला, मुलं नाहीत, खडू आईचा.

मुलाला गोल टेबल हवं होतं. मध्ये एकच दणकट पाय आणि भोवती चार खुर्च्या. सुनेलाही तेच पसंत पडलं. गोल टेबलावर कापड सरळ पसरत नाही, उभा-आडवा धागा जुळवायला कड मिळत नाही. म्हणजे कापणं बंद. कापणं बंद म्हणजे शिवणं बंद, आणि मग दिवसभर काय करायचं, तर शेंगा सोलायच्या आणि कोण कधी घरी येणार ते विचारत बसायचं. काम थांबव असं तिला तोंडावर कोणी म्हणत नव्हतं, त्याचाच तिला जास्त राग आला. सुनेने हळूच तिच्या दुखऱ्या गुडघ्यांचा विषय काढला, तेव्हा तर तिची खात्रीच पटली. पण विनवण्या करणं तिच्या रक्तात नव्हतं.

"घ्या गोल," ती म्हणाली. "मला काय."

त्या 'मला काय'चं वजन घरातले सगळे ओळखून होते. तरी टेबल गोलच ठरलं. दुकानदार मापाप्रमाणे करून द्यायचा. स्वयंपाकघराचं दार आणि कपाट यांच्या मधला कोपरा मोजायचा होता. माप मीच घेणार, असं मास्टरने बजावलं. गळ्यातली टेप काढली, कोपरा मोजला आणि आकडा फोनवर सांगून टाकला.

टेबल आलं. दुकानाच्या सुताराने पाय जोडला, वरचा भाग बसवला आणि मग घोडं अडलं. स्वयंपाकघराचं दार अर्ध्यापलीकडे उघडेना. आत असलेली सून अंग चोरून, तिरकी होत बाहेर आली. सुताराने मोजलं, तर कोपऱ्यात मावण्यापेक्षा टेबल तीन इंच मोठं. आकडा तर मास्टरने सांगितला तोच होता.

मास्टरचे कान तापले. चूक तिच्या लगेच लक्षात आली. कपड्याचं माप घेतलं की दोन्हीकडून दीड-दीड इंच माया सोडायची, शिवणीत दाबायला आणि पुढेमागे कपडा सैल करायला. बोटांना इतकी सवय की त्यांनी लाकडालाही माया सोडली होती.

सुताराने दुकानात फोन लावला. मालक म्हणाला, हरकत नाही, हे दुसऱ्या कोणालाही खपेल. ते लांबट अजून इथेच आहे, ते भिंतीला लागून नीट बसेल, पाठवू का? मास्टरने फक्त गप्प राहायचं होतं. हवं ते टेबल आपल्या पायांनी घरी चालत येत होतं.

पण मुलगा गप्प राहिला नाही.

"मुद्दाम केलंस ना?"

"माझं माप चुकलं. हे तोंडाने म्हणायला मला किती जड जातंय, ते तुला नाही कळायचं."

त्याचा विश्वास बसला. तो नव्या खुर्चीत टेकला. "आई, तुला काम सोड असं कोणी म्हटलंय का? आमच्या खोलीत फळी टाकू. पण मला सगळ्यांबरोबर बसून जेवायचंय. शाळेत असताना मी एकाही मित्राला जेवायला आणलं नाही. बसवणार कुठे? कापडाला डाग पडेल म्हणून तू मला ताट घेऊन बाहेर पायरीवर बसवायचीस."

पोराला बाहेरचा वारा आवडतो म्हणून तो पायरीवर बसतो, असं मास्टर इतकी वर्षं समजत आली होती. त्याच कापडावर तुझं शिक्षण झालं, हे वाक्य तिच्या अगदी ओठांवर आलं. ते खरंही होतं. तिने ते गिळलं. तिला फार वाईट वाटलं, आणि राग कुणावर काढावा तेही कळेना. फळीवर कोट कापला जात नाही, हे त्याला कुठून माहीत असणार.

सुतार फोन हातात धरून ताटकळला होता. मालकाला काय सांगू, म्हणाला.

"हे कडेने दाबता येईल?" मास्टरने विचारलं.

"दाबता नाही, कापता येईल. पण मग दुकान परत घेणार नाही."

तिने टेपचं टोक मुलाच्या हातात दिलं. "मधोमध धर. हलू नकोस." घेरदार फ्रॉक बेततात तशी टेप ताणून ती टेबलाभोवती फिरली आणि चकचकीत लाकडावर खडूने वर्तुळ काढलं. या खेपेला माया सोडली नाही. दार उघडून, मिटून पुन्हा एकदा ताडून पाहिलं.

सुताराने विजेची करवत काढली, पण लावली नाही. "मावशी, एकदा करवत फिरली की हे तुमचंच. मग त्या लांबट टेबलाचं नाव काढायचं नाही."

"नाही काढत," मास्टर म्हणाली. "काप."