न तुटणारा सूर

जुन्या परदेशी संगीतकाराने फक्त बायकांच्या आवाजांसाठी रचलेलं ते समूहगान. त्याचा शेवटचा सूर एवढा लांब, की तालमीत मी मधेच घरी जाऊन दाढी करून आलो तरी चालूच! खोटं वाटत असेल तर चर्चमधल्या कबुतरांना विचारा. ती त्या सुरावरच बसून पेंगत होती.

गाणाऱ्यांत माझी बायकोही होती, आणि तिला दमा. ती गाताना शेजारी उभ्या असणाऱ्या मार्थाबाईंना म्हणाली, "माझ्यामुळे सूर तुटला तर?"

"तुटतोय कसला! तू श्वास घे, तेवढा मी धरते. मग मी घेईन, तू धर."

कार्यक्रमात डोळे मिटून मी तिचा श्वास शोधत राहिलो. सूर धुक्यासारखा पसरला, खांब विरघळले, पण फट सापडली नाही.

घरी जिन्यात ती धापा टाकत थांबली. तेवढा वेळ तो सूर मी धरला, भसाडा पण अखंड.

"अहो, आता तुम्ही श्वास घ्या," म्हणत तिने तो माझ्याकडून घेतला.